गोफण्याबद्दल, काट्यावरून

खेळात त्याचं नाव काही भलतंच आहे,
जीभ अडखळते. सावद्यात आम्ही त्याला गोफण्या म्हणतो.
बाराशे हिरे पडतात. फेगडेंचा लोकेश विचारतो, घेऊ का?
मी वजनकाट्यावर बसतो, म्हणून मलाच विचारतो,
जणू माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं
रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वजन लिहिलेलं असतं.

थांब. आधी ही केळीची गाडी जाऊ दे.
एकवीस टन चारशे. पावती. हं.

तर गोफण्या.
पल्ला नऊ घरं. एवढा दुसऱ्या कुणाचा नाही.
रस्ता पहिल्यांदा वळतो तिथे शत्रूचं नुसतं शिंग दिसलं
की याचा दगड निघालेला असतो.
निघणं आणि पोचणं यांच्यामध्ये मात्र
एक आवंढा गिळून होतो.
मग पुन्हा गोफण भरायला चार सेकंद.
चार सेकंद म्हणजे किती, हे तेराव्या लाटेला कळतं.

उडणारे त्याला लागत नाहीत. म्हणजे लागतात,
पण सातवी पायरी चढवल्यावर. तोवर
वटवाघळं डोक्यावरून निघून जातात
आणि हा सातपुडा बघायला आल्यासारखा उभा.

लोकेश म्हणतो, दणका बघ ना त्याचा.
दणका आहे. नाही कोण म्हणतंय?
चिलखती रेडा, बाकीचे आठजण मिळून ज्याला फक्त खाजवतात,
तो याच्या एका दगडात गुडघ्यावर येतो.
पाहिलंय मी. मे महिना, रात्रीचा दीड,
लाइट गेलेली, केबिनचा पत्रा अजून तापलेला,
बॅटरी अकरा टक्के, किल्ल्याचा एकच जीव उरलेला,
आणि तो दगड आला.
एकटाच ओरडलो मी.
बाहेर काट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
(त्याचं वजन चौदा किलो. काटा दाखवत नाही एवढं कमी,
मी अंदाजे सांगतोय.)

पण त्याच्या पायाशी दोन घरांचं एक वर्तुळ आहे.
बोट दाबून धरलं की फिकट लाल दिसतं.
त्यात आलेला शत्रू त्याला दिसत नाही.
उंदराएवढा चोर, फुंकरीने मरेल असा,
त्याच्या बुंध्याशी बसून भिंत कुरतडतो
आणि हा तिकडे लांब रेडे पाडतो.
ही चूक नाही हं. बनवणाऱ्यांनी तसाच बनवलाय.
लांबचं इतकं दिसायचं तर
जवळचं कुठेतरी सोडावं लागत असेल.

हेमाताई सुरतेला असते.
दर पाच तारखेला पैसे. एक महिना चुकला नाही.
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, घरावरचा स्लॅब,
ज्यावर हे खेळतोय त्या मोबाइलचा रिचार्जसुद्धा.
मोठे रेडे सगळे तिनेच पाडले.
आई मोरीत घसरली तेव्हा
फोन लगेच लागला तिला.
म्हणाली, काय झालं? किती पाठवू?
मी आईचा पाय मांडीवर घेऊन बसलेलो,
आई विचारतेय, कोण आहे रे, काय म्हणू राह्यली?

असो.
घे तू, लोकेश. पण पहिल्या वळणावर ठेवू नको,
सगळे तिथेच ठेवतात आणि मग शिव्या देतात.
रस्त्यापासून तीन घरं आत ठेव, खडकावर.
लाल वर्तुळ मग नुसत्या गवतावर पडतं.
विसाव्या लाटेनंतर चोर गवतातूनही येतात,
म्हणून पायाशी एक ढाल्या बसव.
तोच, पन्नास नाण्यांचा, पहिल्या दिवशी फुकट मिळालेला,
ज्याला कुणी पायरी चढवत नाही.
पल्ला एक घर. हात पोचतो तिथवर.
त्याचं काय सांगू? बसलेला असतो.

टिंग वाजलं बघ.
आज पाच तारीख.
दगड पोचला.

मुश्ताकभाई, जरा मागे घ्या गाडी.
एक चाक काट्याच्या बाहेर आहे,
वजन खोटं येतंय.