बूच

उजव्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण:
आणखी सहा दिवस. मग तुमचं संरक्षण संपेल.
काल सात होते.
वाटण काढता काढता उठून आलेय, बोटांना खोबऱ्याचा वास,
त्रिकोण बंद केला तरी परत येतो
माशाच्या पाटीवरल्या माशीसारखा.

जामसंड्याचे दुखंडे म्हणाले, नऊशे नव्वद,
तीन वर्षांचं घेतलंत तर दोन हजार.
विंडोजसोबत फुकट येतं ते काय, असून नसून सारखं.
साईल पुण्याहून म्हणाला, आते, एक पैसा देऊ नकोस,
आहे ते घराला पुरे,
फक्त अपडेट होऊ दे, मध्येच बंद करू नकोस.
दोघेही माझ्या भल्याचंच बोलत होते
आणि दोघांतल्या एकाला नऊशे नव्वद मिळणार होते.
तेवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही, तरी.

तसं इथे कॉम्प्युटर मारायला व्हायरस कशाला?
पहिला खाऱ्या हवेने खाल्ला,
आतलं तांबं हिरवं पडलं, अडगळीतल्या कळशीगत.
दुसऱ्याचा पंखा पालीने थांबवला, स्वतः मरून.
मोडेम दोनदा विजेने नेला, ऑक्टोबरात,
पाऊस परतताना.
तेव्हा कुणी त्रिकोण दाखवला नव्हता.

पण आत आहे ते माझं एकटीचं नाही.
तारामुंबरीच्या एकवीस होड्यांचे डिझेल परताव्याचे अर्ज,
परवाने, खलाशांची आधार कार्डं,
पासबुकांची पहिली पानं,
इंदुमती खवणेकरच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला,
जो तिने मला दोन्ही हातांनी दिला होता.

दाजींची होडी लाकडी होती तेव्हा
दरवर्षी नारळीपौर्णिमेआधी काजूच्या टरफलाचं तेल.
हातांची सालं निघायची.
भिरूड दिसतो का बघू, मग लावू, असं कधी नाही.
दिसेपर्यंत फळीची आतून चाळण झालेली असते.
मग फायबर आली.
तरी पहिल्या वर्षी ते डबा घेऊन वाळूत बसलेच.
फायबराक किडो लागाचो नाय, मी म्हटलं.
म्हायत आसा, ते म्हणाले.
लावलंय म्हणान झोप लागता.

आणि ती बुडाली कशाने?
किड्याने नाही. वाऱ्याने नाही.
मागच्या भोकाचं बूच, साचलेलं पाणी जावं म्हणून काढलेलं,
कुणीतरी परत लावायचं विसरलं.
खाडीच्या तोंडाशी इंजिन गेलं, जाळी गेली,
माणसं पोहत आली.
कुणीतरी म्हणजे मी. चौदा वर्षांची.
दाजींनी आजवर विचारलेलं नाही.
फक्त होडी लोटताना किनाऱ्यावरून ओरडतात,
बूच?
आणि कुणीतरी म्हणतं, लावलां.

गेल्या चैत्रात एक मेल आली होती,
परताव्याची यादी, सोबत फाईल.
नाव खात्याचं, एक अक्षर वाकडं.
बोट माऊसवर.
पैसे भरलेलं संरक्षण कोपऱ्यात चालू होतं,
हिरवं, बरोबरची खूण मिरवत, गप्प.
कदाचित उघडल्यावर धावलंही असतं. मला माहीत नाही.
मी थांबले ती माझी मी थांबले.

म्हणून नाही घेतलं.
दुखंडे म्हणाले, बघा हं. मी म्हटलं, बघते.
अपडेट पूर्ण होऊ दिले, वाटण आंबेपर्यंत.
सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर,
पेन ड्राइव्ह पापडांच्या डब्यात, घरात कोरडं तेवढंच.
स्क्रीनखाली कागद चिकटवला. त्यावर एकच शब्द,
साईल आला की हसेल.

ठरलं, तरी झोप नाही.
साडेतीनला उठले तर दाजी पडवीत, हातात बॅटरी.
उजेडात तो तेलाचा डबा,
झाकण गंजलेलं, तळाला बोटभर काळं.
टाकून देऊ? मी विचारलं.
ऱ्हवांदे, ते म्हणाले.