रोजचा रस्ता

दस्तगीर मुल्लानं हवेचा पाइप सोडवला,
आत बोट फिरवलं
आणि तेलानं काळं झालेलं बोट माझ्यापुढं धरलं.
बोलला काहीच नाही.
मग टर्बोचा शाफ्ट चिमटीत धरून हलवला.
दुधाच्या दातासारखा हलत होता.

दोन लाख चाळीस हजार किलोमीटर.
शिरोलीची फौंड्री ते उद्यमनगर, तिथनं गोकुळ शिरगाव,
कच्चं ओतकाम न्यायचं, कातून आलेलं परत आणायचं.
आठवड्यातनं एकदा गगनबावडा,
करूळ घाट उतरून पंपाच्या बॉड्या टाकायच्या
आणि रिकामं वर यायचं.
रिकामी गाडी काय, कुणाचीही चढते.

साडूचा प्रणील दुपारपासनं फोनवर :
'मामा, मोठाच घाला. पाठीत गुद्दा बसतो, गुद्दा!'

दस्तगीरनं फडक्याला हात पुसले.
'गुद्दा बसतो चोविसशेच्या वर.
तावडे हॉटेलच्या चौकात तुझा काटा
कवा गेलाय चोविसशेवर?
मोठ्या पंख्याला दम भरायला येळ लागतो.
तवर मागचा एसटीवाला तुझ्या खानदानाचा उद्धार करतोय.
आणि नुसता टर्बो न्हाई, क्लच बी जाणार,
इंजेक्टर बी मागणार,
धूर तर असा की पोरं शाळेतनं काळी येतील.
रोज कुठं जातोस ते सांग.
घाट आठवड्यातनं एक दिस. बाकी सा दिस?'

बाकी सहा दिवस
दुसरा गिअर, तिसरा गिअर, दुसरा.
पुढं उसाची ट्रॉली, मागं माझं टनभर लोखंड.

बाकावर तीन खोकी.
एकात नुसता गाभा, जुन्याच शंखात बसवायचा, नऊ हजार.
मधल्यात माझ्याच मापाचा,
फक्त पंखा जरा थोराड, पाती पातळ.
तिसरं खोकं मी मुद्दामच उघडलं नव्हतं.

मधला हातात घेतला. गार, जड.
शंखाच्या पोटाखाली बोटाला उंचवटा लागला :
एक त्रिकोण, त्यात सात.
बघायची गरज नव्हती.
हा त्रिकोण मी बारदानात गुंडाळून, अजून कोमट असताना,
कितीदा गाडीत चढवलाय.
भाडं किलोला ऐंशी पैसे.
आता खोक्याला अठ्ठावीस हजार.

'म्हंजे तूच न्हेलास,' दस्तगीर हसला,
'आणि तूच इकत घेणार?'

मला वाटलं, झालं, हाच आपला.
मग तिसरं खोकं उघडलं.
त्यावरही त्रिकोण. आत अकरा.
म्हणजे निवड परत माझ्याच गळ्यात.

खरं सांगतो, मला मोठाच हवा होता.
सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदा तरी
करूळच्या वळणावर, भरल्या गाडीनं,
कुणालातरी मागं टाकावं
आणि पाठीत गुद्दा बसावा.
तो त्रिकोणातला अकरा मी बराच वेळ धरून बसलो.
चहा आला, गार झाला.

मधला बसवला.
संध्याकाळी कावळा नाक्याला सिग्नल सुटला
आणि गाडी निघाली. एवढंच.
गुद्दा नाही. कुणीतरी मागनं
तळहात टेकवल्यासारखं.
हॉर्न कुणी मारला नाही.

'आल्या आल्या बंद करू नगंस,' दस्तगीरनं बजावलं होतं,
'एक मिनिट तसाच राहू दे. तेल फिरू दे.
आतला पंखा लाल झालेला असतोय.'

कसबा बावड्यात दारात गाडी लावली.
गल्लीतलं कुत्रं भुंकलं :
रंग तोच, नंबर तोच, शिट्टी परकी.
मी चावीवर हात ठेवून बसलो.
आत भाकरी थापल्याचा आवाज.
फोन वाजला. प्रणील.
'बसला का गुद्दा?'

म्हटलं, थांब.
अजून मिनिट व्हायचंय.