तिसऱ्या मजल्यावरची वायर

गाडी घेतली त्याला अडीच महिने झाले.
शोरूममधल्या पोरीनं हँडलला हळदकुंकू लावलं,
तेव्हाही मी विचारतच होते:
बुटीबोरीला जाऊन परत येईल ना ही, एका दमात?
"येईल मॅडम," ती म्हणाली,
पण "येईल"च्या आधी जरा थांबली.
ते थांबणं मी घरी घेऊन आले, हप्त्यांच्या कागदांसोबत.

मानेवाड्यात एकानं काही विकत घेतलं
की हिशेब सगळी गल्ली करते.
ढोबळे म्हणाले, बॅटरी गेली की गाडीच गेली समजा.
हेडाऊकाकू म्हणाल्या, उन्हात ठेवू नको, पेट घेते म्हणे,
त्यांच्या भाच्याच्या मित्राच्या मोबाइलवर आलं होतं.
सेक्रेटरी नंदनवार वही घेऊनच आले:
सोसायटीच्या मीटरवर चार्जिंग नाही.
उद्या सगळेच मागतील, मग?
मी म्हटलं, मागतील तेव्हा द्या ना सगळ्यांना.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दाखवलं नाही.

म्हणून ही वायर.
तिसऱ्या मजल्यावरून, बावनकरांच्या दोरीवरचे टॉवेल चुकवत,
शेवग्याच्या फांदीला वळसा घालून.
रात्री अकराला मी ती सोडते
विहिरीत पोहरा सोडावा तशी,
आणि विलास खालून सांगतो, "आली, आली, पोचली."

मग मे आला.
सेहेचाळीस अंश, आणि घरात दमदार प्लग एकच.
एकीकडे कूलर, एकीकडे गाडी.
रात्री दोनला उठून मी कूलर बंद करते,
दोन तासांची झोप देते
आणि उद्याचे तीस किलोमीटर घेते.
पेट्रोलचे वाचलेले पैसे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकते,
पुढच्या बॅटरीसाठी.
बचत आणि भीती, एकाच बरणीत मुरतात.

सक्करदऱ्याचा गुणवंता बारापात्रे
जुन्या गाडीला नुसता कान लावायचा:
"टॅपेट वाजून राहिले ताई."
नवी त्याला दाखवायला नेली.
त्यानं चहा बाजूला ठेवला, हात पुसले, वाकला.
बराच वेळ वाकलेलाच होता.
"हे तं काईच बोलत नाई," म्हणाला.
"दुखलं-खुपलं तं सांगन कसं?"
मी हसले. तो हसला नाही.
मग, हातातला पाना उगाच फिरवत,
"पोराले या गाड्यांच्या कोर्सले टाकू का मंग?"
बघून सांगते म्हटलं, फॉर्मची तारीख.
अजून बघितली नाही.
आता सक्करदऱ्याहून जात नाही, दुसऱ्या रस्त्यानं जाते.
चार्जिंग त्यातही खर्च होतं.

नणंद कोराडीकडे राहते.
तिच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या
आणि कुरडयांवर धुरांड्याची राख,
रांगोळीसारखी बारीक.
"तुमची गाडी धूर नाई सोडत म्हनते, वहिनी."
ती राख फुंकत होती, माझ्याकडे बघत नव्हती.
"सोडन कायले? मी हाये ना इथं घ्याले."
मला उत्तर सुचलं नाही.
तिनं पिशवीभर कुरडया बांधून दिल्या.
घरी पोचले तेव्हा एकोणीस टक्के उरले होते.

जुनी गाडी कोपऱ्यावर खोकायची,
आणि विलास चहाचं आधण ठेवायचा.
आता मी अचानक दारात उभी दिसते, तो दचकतो.
म्हणून वळणावर मी दोनदा हॉर्न देते,
समोर कोणी नसताना.
कुत्रंही मान वर करून बघतं, हिला झालं काय.

काल रात्री वायर सोडली तर खाली ढोबळे उभे.
"काही नाही, असंच," म्हणाले.
मग आवाज उतरवून,
"रात्रीतून युनिट किती खाते हो?"
मी वरूनच सांगितलं.
त्यांनी बोटांवर काही मोजलं,
आणि आपल्या चौथ्या मजल्याकडे
मान मागे टाकून
बघत राहिले.