चौदा शेकोट्या

दिवाळीनंतर जमनामावशीची कंबर धरली
म्हणून टोळी माझ्याकडे आली.
वही, शिट्टी आणि चौदा माणसं,
पेठहून निफाडला, एका पिकअपमध्ये,
भांडी-अंथरुणांसकट.
मी बारावी झालेली. मावशी अंगठा लावायची.
मला वाटलं, आता हिशेब नीट लागेल.

पहिला आठवडा ओळीओळीतून फिरले
विरळणी तपासत.
ह्या घडात मणी जास्त ठेवले, त्यात कमी,
कात्री अशी धर, देठ असा सोड.
पुतळीबाई वीस वर्षं द्राक्षात आहे,
तीसुद्धा घड हातात धरून विचारायला लागली,
"हा चालंल का गं?"
मला बरं वाटायचं.
संध्याकाळी वहीत झाडं मोजली
तर मावशीच्या वेळेपेक्षा दीडशे कमी.

फोनवर मावशी एवढंच म्हणाली,
"तू मागं मागं चाललीस
तर त्या पुढं कशा बघतील?"
मला ते म्हणीसारखं वाटलं,
आणि म्हणी मला आवडत नाहीत.

मग डिसेंबरातली ती रात्र.
आठ वाजता ढोमसेभाऊ बागेत आले, कानाला मफलर,
पारा चारच्या खाली उतरतोय म्हणाले.
मणी आत्ता कुठे ज्वारीएवढा.
करार विरळणीचा होता, रात्र जागायचा नव्हता.
वहीत ह्याचं पान नव्हतं.
मी म्हटलं, टोळीला विचारते,
आणि पहिल्यांदा खरंच विचारलं.
सगळे गप्प. मग पुतळीबाई:
"दुप्पट हजेरी. आन् पहाटं चहा, दुधाचा."

मी कागदावर आराखडा काढला.
चौदा जागा, चौदा शेकोट्या,
अर्ध्या तासाला छाटणीच्या काड्यांची एक मोळी.
सोमा भोयेनं कागद उलटा धरून बघितला,
परत दिला.
"घड्याळ नको, वारा बघावा लागंल.
जाळ वर गेला तर पानं भाजतील.
धूर मांडवाखाली लोळला पायजे."
मी कागदाची घडी करून
पहिल्या शेकोटीत टाकली.
चांगली पेटली.

एक वाजता मी मोटारीपाशी उभी,
ठिबकचं पाणी सोडून.
पाच एकरात एक माणूस दिसत नव्हता.
फक्त तांबडे ठिपके.
मोजले, चौदा. पुन्हा मोजले.
कोण जागं, कोण घोंगडीत तोंड घालून बसलं,
कोण काड्या वाचवतंय,
कळायला काही मार्ग नाही.
शिट्टी ओठाला लावली. गारठलेली होती.

तेवढ्यात बांधाकडचा एक ठिपका विझला.
तेरा.
पाय आपोआप निघाले,
चप्पल चिखलात रुतली,
आणि मी तिथेच,
एक पाय अनवाणी, बर्फासारख्या पाण्यात.
मावशीचं बोलणं आठवलं वगैरे नाही,
खोटं कशाला सांगू,
चप्पल निघत नव्हती, एवढंच.
अंधारात कुणीतरी खोकलं.
शेजारच्या ठिपक्यातून एक ठिणगी सुटी झाली,
हातात धरल्यासारखी चालत गेली,
वाकली.
चौदा.

पहाटे गवतावर दव गोठलं होतं.
डोळे तांबडे, केसांना धुराचा वास,
चहात दूध कमीच.
बाग हिरवी होती.
कोपऱ्यातल्या दोन ओळी तेवढ्या काळवंडल्या.
ढोमसेभाऊंनी विचारलं, तिथं कोण होतं?
मी म्हटलं, कोणी नव्हतं.
तिथं शेकोटी ठेवायची मीच विसरले.

विझलेली कुणाची, ते मी विचारलं नाही.
विझली कशी, पेटवली कुणी, तेही नाही.

दुपारी पुन्हा विरळणी.
पुतळीबाईनं एक घड हातात धरला, माझ्याकडे वळली.
मी मुद्दाम मोटारीकडे बघत राहिले.
थोडा वेळ काहीच नाही.
मग कात्रीचा आवाज,
आणि मग भराभर, कात्र्यांचा.