उजवा रकाना

डिस्चार्जच्या कागदामागं
मंगरुळे डॉक्टरीणबाईंनी उभी रेघ मारली.
पट्टी न लावता,
तरी सरळ.
डावीकडं लिहिलं : वय. पुरुष. वडील.
"हे तुमच्या हातात नाही."
उजवीकडं लिहीतच गेल्या,
कागद संपला, मग समासात :
तंबाखू, मीठ, तेल, साखर, रक्तदाब,
पोट, बसून राहणं, चिडणं.
"हे आहे."

मी उद्यमनगरातला टर्नर.
छत्तीस वर्षं लोखंडाला सांगत आलो
किती उरायचं आणि किती जायचं.
एक सूत जास्त गेलं की जॉब भंगारात,
एवढं मला कळतं.
पण आतल्या नळीत किटण साचत होतं
तिथं कुठला गेज लावणार?
जिना चढताना छातीवर कुणीतरी बसायचं.
मी ओवा चावायचो, म्हणायचो पित्त आहे.

सोळाव्या वर्षी रातपाळीला
मिस्त्रीनं पहिला बार दिला होता,
झोप येऊ नये म्हणून.
झोप गेली. बार राहिला.

बुधवार, शुक्रवार, रविवार
हे आमच्या घरचं पंचांग.
आता शालन तांबड्या रश्शावरचा तवंग
पळीनं काढून वाटीत धरते
आणि वाटीकडं बघत उभी राहते,
जुन्या उधारीची वही सापडावी तशी.
पापडाचा डबा माळ्यावर गेला.
शिडी कुठं ठेवलीय ते मला ठाऊक आहे,
हे तिलाही ठाऊक आहे.

रंकाळ्यावर पहिल्या दिवशी
एका बाकड्यापासून चौथ्या बाकड्यापर्यंत.
तिथं बसून संध्यामठाकडं बघत
नाडी मोजली, दोनदा चुकलो.
दिवाळीपर्यंत पुरी चक्कर.

तिवले मिसळीच्या गाडीवरनं हाक मारतो,
"लेका, मरायचंच हाय तर कट मारून मर की!
माझा चुलता ब्याण्णवला गेला,
बोटात बिडी हुती."
तिवलेचा चुलता साऱ्या पेठेला पाठ आहे.
माझा बा एक्कावन्नाव्या वर्षी
तालमीच्या कट्ट्यावर गेला,
हातात अर्धा चहा,
त्याचं कुणी सांगत नाही.

खोटं कशाला बोलू,
दसऱ्याला पांढरा रस्सा दोन वाट्या प्यायलो.
अकराव्या आठवड्यात
लेथमागं उभं राहून चिमूट तोंडात टाकली,
थुंकलो,
चूळ भरली, परत भरली,
तरी संध्याकाळपर्यंत शालनकडं तोंड करून बोललो नाही.
सगळ्यात अवघड समासातलं शेवटचं.
तेलाला पळी आहे, मिठाला चमचा.
गिऱ्हाईक तिसऱ्यांदा "पुढच्या सोमवारी" म्हणतं
तेव्हा काय मापात धरायचं?
मी मशीन बंद करतो,
दारातल्या नळाखाली मनगटं धरतो.
पाणी गार असतं. तेवढंच.

परवा धुण्यात हर्षदच्या खिशात
लायटर निघाला.
सत्ताविसावं लागलंय त्याला,
रात्रभर कॉम्प्युटरपुढं, पाठीचा कमान झालेला.
शालननं माझ्याकडं बघितलं.
माझा आवाज चढणार होता,
चढला नाही.

रात्री कोरा कागद घेतला.
उभी रेघ मारली, पट्टी लावूनही वाकडी.
डावीकडं लिहिलं : पुरुष. वडील.
आणि पेन थांबलं.
वडील,
म्हणजे मी.
त्याच्या डाव्या रकान्यात
मी बसलोय,
खोडरबरानं न जाणारा.

उजवा रकाना रिकामाच सोडला.
तो त्याचा त्याला भरू दे.
वर लायटर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

सकाळी पावणेसहाला बघितलं तर
लायटर नव्हता.
कागदही नव्हता.
बूट घातले,
कडी न लावता दार नुसतं ओढलं,
आणि रंकाळ्याकडं निघालो,
जरा सावकाश,
मागनं कुणी येणार असेल
तर त्याला गाठता यावं म्हणून.