हातचा एक

ब्रेमरहाफेनच्या मासळी कारखान्यात
पहिल्या दिवशी मी पुढच्या दाराने गेलो, नवा कोट घालून.
वीबके हार्म्स मागच्या दाराने आली होती,
पहाटे पावणेसहाला, पाळी बदलताना,
पायात कुणाचे तरी उसने रबरी बूट.

दुपारी मी चौसष्ट स्लाइड दाखवल्या.
तिने एवढंच विचारलं,
"तिसऱ्या पट्ट्यावरची बाई डाव्या हाताने का कापते?"
मला बाई आठवेना. पट्टाही आठवेना.
(पट्टाच उलटा बसवला होता, चौदा वर्षांपूर्वी.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.)

हॅम्बुर्गच्या ऑफिसात प्रशिक्षणं व्हायची,
बिस्किटं चांगली असायची.
शिकलो ते गाडीत, कँटीनच्या रांगेत.
हिशेबातल्या युनूसकडून : आकडा फार गोल असला
की त्याला उलटा करून बघ.
आणि वीबकेकडून :
प्रश्न विचारलास ना, आता गप्प बस.
समोरचा कॉफी ढवळेल, खिडकीबाहेर बघेल,
तेवढा वेळ दम धर.
खरं असतं ते जरा उशिराच येतं.

मी मोठा शब्द वापरला
की ती पेन्सिल टेबलावर ठोकायची.
एकदाच.
अजून लिहिताना मला तो आवाज येतो.

नवव्या वर्षी फर्मने स्वतःचंच घर तपासायला काढलं.
काम माझ्याकडे आलं.
मी मागच्या दाराने शिरलो,
विचारलं, गप्प बसलो,
माणसं बोलली.
कोण किती महाग पडतं, कोण नसलं तरी चालेल,
अशी एक यादी झाली.

मसुदा नेहमीसारखा तिने मागून घेतला.
कँटीनमध्ये, चष्मा कपाळावरून खाली ओढत,
ओळ न् ओळ वाचली.
एके ठिकाणी स्वल्पविराम घातला.
मग पेन्सिलीचं टोक शेवटच्या पानावर टेकवलं.

"नावं अकरा आहेत. खाली बेरीज दहा.
हातचा एक विसरलास."

यादीत वरून सातवी तीच होती.
नाव लिहिलं होतं मी,
फक्त मोजताना बोट त्याच्यावरून घसरलं होतं.

"मुद्दाम?" तिने विचारलं,
आणि गप्प बसली.

बाहेर क्रेन एक लाल कंटेनर उचलत होती.
मी ती बघत राहिलो.
कॉफीत साखर नव्हती,
तरी ढवळत राहिलो.