बाजारापुरती कानडी

जाळीपलीकडचा नवा शिपाई रायचूरकडचा.
आवाज चढवत नाही. घड्याळ बघतो आणि म्हणतो,
'कन्नडदाग माताडरी, अक्का.'
आमचं त्याला कळत नाही
आणि न कळणारं पलीकडं जाऊ द्यायचं नाही,
नोकरीच त्याची ती.

आमची कानडी म्हणजे केवढी!
बेकिनकेऱ्याहून रताळ्याची पोती टेंपोत घालून
उजाडायच्या आत बेळगावच्या यार्डात उतरलं की
तिथं पुरेल तेवढी.
एष्टु? इप्पत्तु. कडिमि माडरी. साकु.
भाव, वजन, सुट्टे पैसे,
आणि निघताना 'बरतीनी', म्हणजे येते.

एवढ्या भांडवलावर
एक आड एक गुरुवारी
हिंडलग्याच्या जेलात
मी माझ्या भावाशी बोलते.

'ऊटा आतेनु?'
'आतु.'
पुढं काय?
आईचे गुडघे कानडीत नाहीत माझ्याजवळ.
म्हस व्याली, ते हातांनी दाखवलं,
रेडी झाली हे दाखवता येईना.
शिपाई हसला. मग मीही.

एकदा विचारलं, 'इन्ना एष्टु?'
अजून किती. रताळी राहिलीत का पोत्यात,
तसं विचारल्यासारखं झालं.
भरमूनं बोट उचललं आणि नाकाच्या शेंड्यावर ठेवलं.

लहानपणी तराजूमागं बसून हसायचो आम्ही,
कानडीत चार म्हणजे नाकु!
गिऱ्हाईक म्हणायचं नाकु किलो,
की हा नाकावर बोट ठेवून वजनं शोधायचा,
आणि बा पाठीत धपाटा घालायचा.

चार वर्षं.
शिपायाला वाटलं, खाज आली असंल.

त्या रात्री मोटारीच्या पाळीवरून
त्यानं फावडं उचललं, सातेरीच्या डोक्यात घातलं.
मी हे कुणाजवळ उणं-अधिक करून सांगत नाही.
सातेरीची बायको आमच्याच गल्लीत राहते.
नळावर माझी घागर दिसली
की ती आपली मागं घेते आणि थांबते,
मी जाईपर्यंत.

भरमू आत शिकतोय. संध्याकाळी वर्ग असतो म्हणे.
त्याची कानडी माझ्या पुढं गेली.
परवा पाच मिनिटं संपताना म्हणाला,
'अक्का, नेनपु आगतद.'
यार्डात कधी ऐकला नव्हता हा शब्द.
ना भावात बसंना, ना वजनात.
जाळी सुटली, मी 'बरतीनी' म्हणायची विसरले.

बसमध्ये पुटपुटत आले, नेनपु, नेनपु,
सुळगा गेलं, उचगाव गेलं.
कंडक्टरला विचारणार होते,
पण गर्दी होती, आणि त्यानं विचारलं असतं,
कोण म्हणालं?
वाटलं, दुखणं असंल काही.
कावीळ. नायटा. आत पाणी वाईट असतं.
दोन रात्री मला झोप नाही.

तिसऱ्या दिवशी नळावर लवकर गेले.
सातेरीची बायको भिंतीला टेकून फोनवर होती,
माहेरी, यरगट्टीकडं.
तिथली सगळी माणसं कानडी,
तीही लग्न होऊन इकडं आली तेव्हा
आमच्यात मुकीच होती वर्षभर.
आईशी बोलत होती. पाठमोरी.
बोलता बोलता तिचा आवाज मोडला,
आणि ती म्हणाली,
'भाळ नेनपु आगतद, अव्वा.'
आणि पदर तोंडात धरला.

मला कुणी अर्थ सांगावा लागला नाही.

घागर अर्धी भरली होती. तशीच उचलली.

येत्या गुरुवारी जाईन तेव्हा
आधार कार्ड दाखवीन, पिशवी बाहेर पानवाल्याकडं ठेवीन,
म्हशीचं सांगीन, बटाट्याचा भाव सांगीन.
तो शब्द मलाही येतो आता.
तोंडात धरून बसले आहे.
भावाला कसा देऊ?
मी तो जिच्याकडून घेतला
तिला त्याचे पैसे अजून दिले नाहीत.